पावसाची वाट पाहणारे शहर

माणसाचे आपल्या जन्मगावावर प्रेम असते, यात नवल नाही. जेथे बालपण गेले, तेथील धूळही आपल्याला प्रिय वाटते. परंतु कधी कधी परक्या मुलखातील एखादे शहरही मनात घर करून बसते. त्याच्याशी आपले जन्माचे नाते नसते, तेथे आपले पूर्वज राहिलेले नसतात. तरीही ‘पुन्हा एकदा तेथे जाऊन यावे’ असे सारखे वाटत राहते. असे का व्हावे? उंच इमारती, रुंद रस्ते आणि गजबजलेल्या बाजारपेठा अनेक शहरांत असतात. एकदा त्या पाहून झाल्या की त्यांची ओढ उरत नाही. मला ज्या शहराची ओढ लागली आहे, त्याचे वैभव बेताचेच आहे. पाणी तर तेथे फारच थोडे. पण त्या थोड्या पाण्याशी तेथील माणसांनी जे नाते जोडले आहे, तेच माझ्या ओढीचे खरे कारण होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिण भागात, मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर टुसॉन हे शहर वसले आहे. २०२० सालच्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ५ लाख ४२ हजारांहून थोडी अधिक होती. शहराच्या चारी बाजूंना डोंगर आहेत. उत्तरेकडील सांता कॅटालिना रांगेतील सर्वोच्च शिखर सुमारे २,७९० मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरांहूनही अधिक उंच! खाली निवडुंगांचे वाळवंट आणि वर देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांचे वन. हिवाळ्यात वर बर्फ पडते, तेव्हा खाली लोक कोवळ्या उन्हात फिरत असतात.

‘टुसॉन’ हे नाव त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे ओओधम लोकांनी दिलेले आहे. त्यांच्या भाषेतील ‘चुक शॉन’ या शब्दांपासून ते आले. काळ्या डोंगराचा पायथा, असा त्याचा अर्थ. शहराच्या पश्चिमेस काळसर खडकाची एक टेकडी आजही उभी आहे. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी येथे किल्ल्याची स्थापना केली. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला व शहर त्याच्याकडे गेले. पुढे १८५४ साली एका करारान्वये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. ऐंशी वर्षांत येथे तीन राष्ट्रांची निशाणे फडकली. राज्ये बदलली, भाषा बदलल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही. ती म्हणजे आकाशाकडे डोळे लावून पावसाची वाट पाहणे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या बिऱ्हाडी मी मे ते सप्टेंबर असे पाच महिने टुसॉनला होतो. जून महिन्यात तेथे पारा वारंवार ४० अंशांच्या पलीकडे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, ओढे कोरडे ठणठणीत असतात, पक्षीही सावली सोडत नाहीत. वर्षभरात या शहरावर सरासरी अवघा २८ सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या माणदेशातही याहून अधिक पाऊस होतो. टुसॉनच्या या अल्प पावसाचा जवळजवळ निम्मा वाटा जुलै ते सप्टेंबर या काळात येतो. उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा पालटते आणि दक्षिणेकडून ओलावा येऊ लागतो. या पावसाला तेथील लोक ‘मॉन्सून’ असेच म्हणतात. हा शब्द मूळच्या अरबी ‘मौसिम’ या शब्दापासून आलेला. आपला ‘मोसम’ हा त्याचाच भाऊ. हजारो मैल दूर गेल्यावर असा घरचा शब्द भेटला, की परकेपणा कसा उरावा?

तेथील माळरानावर क्रिओसोट नावाचे झुडूप सर्वत्र आढळते. त्याच्या पानांवर राळेसारखा चिकट थर असतो. त्यामुळे पानांतील ओलावा उन्हात उडून जात नाही. पावसाचे पहिले थेंब पडताच या पानांतून एक तीव्र, स्वच्छ सुगंध दरवळतो. आपल्याकडे पहिल्या सरीनंतर मातीचा गंध येतो. तेथे त्या मातीच्या गंधात पानांचाही गंध मिसळतो. त्या क्षणी मी म्हाताऱ्या माणसांना काम सोडून अंगणात येऊन उभे राहताना पाहिले आहे. कोणी काही बोलत नाही. सारे नुसते उभे राहून श्वास भरून घेतात. टुसॉन सोडून दूर गेलेल्या माणसाला विचारावे, ‘तुला कशाची आठवण येते?’ तो बहुधा हाच सुगंध सांगेल.

त्या वाळवंटाचा राजा म्हणजे सग्वारो निवडुंग. हात वर करून उभ्या असलेल्या राक्षसासारखा तो दिसतो. मुलांनो, या वनस्पतीचे आयुष्य ऐकाल तर थक्क व्हाल. पहिल्या दहा वर्षांत ती जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी होते. एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत ती लहानाची मोठी होते. म्हणून त्या झाडाला लोक तिची दाई म्हणतात. पहिली फुले यायला साधारण ३५ वर्षे लागतात. बाजूच्या फांद्या, म्हणजे तिचे ‘हात’, बहुधा ५० ते ७५ वर्षांनंतर फुटतात. पुढे ती १५० वर्षे, क्वचित २०० वर्षेही जगते. तिच्या अंगावर पंख्यासारख्या चुण्या असतात. पाऊस पडला की मुळे पाणी शोषून घेतात, चुण्या उलगडतात आणि सारे खोड फुगते. सुतारपक्षी तिच्या खोडात घरटे कोरतो. तो निघून गेला की त्या ढोलीत चिमणीएवढे लहान घुबड बिऱ्हाड करते. जूनच्या अखेरीस तिची फळे पिकतात. ओओधम लोक लांब काठ्यांनी ती काढतात, त्यांचा पाक करतात आणि पावसाला आवाहन करण्याचा विधी करतात. सग्वारोला ते झाड मानीत नाहीत, माणूसच मानतात. आज राज्याचा कायदाही परवान्यावाचून सग्वारो तोडू देत नाही. एक हात फुटायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते, ते तोडायला दोन घटकाही लागत नाहीत, हे त्या लोकांनी ओळखले आहे.

इतक्या कोरड्या जागी माणसे राहिली तरी कशी? याचे उत्तर त्या काळ्या टेकडीच्या पायथ्याशी मिळते. तेथे ४,००० वर्षांहून अधिक काळ शेती होत आली आहे, असे पुरातत्त्वज्ञांनी उत्खननांतून दाखवून दिले आहे. सांता क्रूझ नदीचे पाणी पाटांनी शेतात आणून जुने लोक मका पिकवीत. ‘टेपरी’ नावाची एक शेंगवर्गी कडधान्याची जात ओओधम लोक आजही पेरतात. आपल्या मटकीप्रमाणेच ती एकदोन पावसांवर हाती येते. मेस्कीट या झाडाच्या शेंगा दळून ते गोड पीठ करतात. आपल्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ ही याच मेस्कीटची जवळची नातलग! ही सारी परंपरा ध्यानात घेऊन युनेस्कोने २०१५ साली टुसॉनला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. अमेरिकेत हा मान मिळविणारे ते पहिले शहर. हा गौरव श्रीमंत पक्वान्नांचा नव्हता; थोड्या पाण्यावर पिकणाऱ्या धान्याचा होता.

परंतु ज्याच्यावर आपले प्रेम असते, त्याचे दोषही पाहिले पाहिजेत. टुसॉनच्या हातून मोठ्या चुका घडल्या. शहर वाढले, तसे यंत्रांनी जमिनीतील पाणी भरमसाट उपसले गेले. भूजलाची पातळी खोल गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांता क्रूझ नदीचे बारमाही वाहणे बंद पडले. ज्या नदीने चार हजार वर्षे माणसे जगविली, ती एका शतकात वाळूचा पट्टा होऊन गेली. जुन्या वस्तीचेही तसेच झाले. आपल्याकडील माळवदाच्या घरांची आठवण करून देणारी, कच्च्या विटांच्या जाड भिंतींची घरे तेथे होती. उन्हाळ्यात ती गार राहत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नवीन सभागृहे व इमारती उभारण्यासाठी त्यांतील सुमारे ८० एकर वस्ती पाडून टाकली गेली. बहुतेक करून गरीब मेक्सिकन कुटुंबे तेथे राहत होती. त्यांची घरे गेली, शेजार मोडला. पडलेली घरे पुन्हा उभी राहिली नाहीत. उरलेली मात्र आता जपली जात आहेत.

पाण्याच्या बाबतीत हे शहर हळूहळू शहाणे झाले. १९७७ साली उन्हाळ्यातील पाण्याचा वापर कमी व्हावा म्हणून एक मोहीम सुरू झाली. एक बदक हे तिचे चिन्ह होते, त्यामुळे ती मुलांच्याही तोंडी झाली. पुढे कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणण्यात आले. १९९२ साली ते थेट नळांत सोडले, तेव्हा जुन्या नळांतील गंज सुटून घरोघर तांबूस पाणी आले. लोक संतापले. मग हे पाणी आधी जमिनीत मुरवावे आणि नंतर विहिरींतून वर काढावे, अशी रीत पडली. मुरताना ते तेथील भूजलात मिसळते आणि अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लकही राहते. २००८ साली शहराने नियम केला, की नव्या व्यापारी इमारतींनी आपल्या आवारातील झाडांना लागणारे निम्मे पाणी साठविलेल्या पावसाच्या पाण्यातून द्यावे. रस्त्याच्या कडेचा दगड कापून पावसाचे वाहते पाणी झाडाच्या आळ्यात वळविलेले मी अनेक गल्ल्यांत पाहिले. आणि २०१९ सालच्या जून महिन्यात शहराने शुद्ध केलेले सांडपाणी सांता क्रूझच्या कोरड्या पात्रात सोडले. शहराच्या मध्यभागी नदीचा एक लहानसा प्रवाह पुन्हा खळखळू लागला, काठी हिरवळ उगवली.

याचा अर्थ सारी चिंता मिटली, असा नव्हे. २००० सालापासून कोलोरॅडोच्या खोऱ्यात दीर्घ अवर्षण पडले. २०२१ साली त्या नदीच्या मोठ्या जलाशयातील पाण्याची टंचाई प्रथमच अधिकृतपणे जाहीर झाली आणि ॲरिझोनाचा वाटा कमी करावा लागला. उन्हाळे अधिक कडक होत आहेत. लहानशा सग्वारोला मोठे व्हायला शंभर वर्षे हवीत. तेवढी वर्षे हवामान त्याला साथ देईल काय, हा प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. टुसॉनची रात्र काळीभोर असते. आकाश ताऱ्यांनी भरलेले दिसावे म्हणून १९७२ साली तेथे बाहेरील दिव्यांवर नियम घातले गेले. नैर्ऋत्येस ओओधम लोकांच्या पवित्र डोंगरांपैकी किट पीक या शिखरावर वेधशाळा आहे. शास्त्रज्ञांनी ती जागा मागितली, तेव्हा त्यांनी आधी या लोकांच्या पुढाऱ्यांना दुर्बिणीतून चंद्र दाखविला. ‘ही लांब डोळ्यांची माणसे’ असे त्यांचे नाव ठेवून त्या लोकांनी १९५८ साली जागा वापरावयास दिली. काळोख हीदेखील जपण्याची वस्तू आहे, हे मी तेथे शिकलो.

मुलांनो, विपुलतेच्या गावी राहणे सोपे असते. जेथे जपून वापरावे लागते, वाट पाहावी लागते आणि चूक झाल्यावर ती दुरुस्त करावी लागते, तेथे माणसाचा कस लागतो. टुसॉनला मला पुन्हा जावयाचे आहे, ते नवे काही पाहण्यासाठी नव्हे. नदीचा तो लहानसा प्रवाह अजून वाहतो आहे ना, दाईच्या सावलीतील दोन पेरांचा सग्वारो अजून उभा आहे ना, हे मला पाहावयाचे आहे. ज्याच्या खुशालीची आपल्याला काळजी वाटते, तेच गाव आपले होते. मग ते माणदेशात असो, वा सातासमुद्रापलीकडे.

स्वाध्याय

१. टुसॉन या नावाचा अर्थ काय? ते नाव कोणत्या लोकांच्या भाषेतून आले?
२. पहिल्या पावसात टुसॉनमध्ये सुगंध कशामुळे दरवळतो?
३. सग्वारो तोडण्यास कायद्याने मनाई का असावी? पाठाच्या आधारे लिहा.
४. सांता क्रूझ नदी कशी आटली व तिचा प्रवाह पुन्हा कसा सुरू झाला, ते आपल्या शब्दांत सांगा.
५. ‘काळोख हीदेखील जपण्याची वस्तू आहे,’ असे लेखक का म्हणतात?
६. आपल्या गावातील नदी, ओढा, तळे किंवा विहीर पूर्वी कशी होती व आज कशी आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.