स्वस्त करवतीची खरी किंमत

(घरच्या आवारातील कामासाठी आता खेड्यापाड्यांतही साखळी-करवत घेतली जाते. हे यंत्र कसे चालते, त्याची निगा कशी राखावी आणि ते केव्हा हाती घेऊ नये, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. हा सगळा मुलूख शेतीचा. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही इकडची पिके. शेताच्या धुऱ्यावर बाभूळ आणि कडुनिंब, घराच्या आवारात आंबा, जांभूळ किंवा शेवगा अशी झाडे तुम्ही नेहमी पाहता. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येते आणि यांतल्या एखाद्या झाडाची फांदी मोडून अंगणात पडते. कधी ती गोठ्याच्या टिनावर आडवी होते. पूर्वी अशा वेळी घरातली कुऱ्हाड बाहेर निघे. दोन माणसे आळीपाळीने घाव घालत आणि फांदी तोडता तोडता दुपार होई.

आता अशा घरांत एक नवे यंत्र येऊ लागले आहे. त्याला 'चेन सॉ' म्हणतात. 'चेन' म्हणजे साखळी, तुमच्या भाषेत जंजीर. 'सॉ' म्हणजे करवत. मोठ्या करवतीला उर्दूत 'आरा' म्हणतात. तोच शब्द मराठीतल्या 'आरागिरणी'त तुम्हांला भेटेल. आपण या यंत्राला साखळी-करवत म्हणू.

या करवतीची साधी रचना समजून घ्या. एक लहान पेट्रोल इंजिन असते. त्याच्या पुढे लोखंडाची लांब, चपटी पट्टी असते. पट्टीच्या कडेने सायकलच्या चेनसारखी साखळी फिरते. साखळीवर धारदार दात असतात. एक दात डावीकडे वळलेला, तर दुसरा उजवीकडे. इंजिन पूर्ण जोरात असले, की ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. म्हणजे रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीइतका तिचा वेग असतो.

हे दात असे का वळवले, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती इतकी जड होती, की चालवायला दोन माणसे लागत. शिवाय तिचे दात लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जंगलात काम करत होता. त्याला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. ती अळी लाकूड उभेही पोखरत होती आणि आडवेही. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत होते. कॉक्सने ते बारकाईने पाहिले आणि तशाच दातांची साखळी बनवली. १९४७ साली त्याने ती विकायला सुरुवात केली. आजही जगभरच्या करवतींचे दात त्याच धर्तीवर बनतात. निसर्गाकडे नीट पाहणाऱ्याला एक अळीसुद्धा शिकवून जाते.

आता किमतीचा विचार करू. पाच-सात हजार रुपयांतही साखळी-करवत मिळते. ती घरबसल्या मागवता येते. नामांकित कंपनीची करवत हिच्या कितीतरी पट महाग असते. मग स्वस्त करवत घेणे चूक आहे का? मुळीच नाही. वर्षातून चार-सहा वेळा फांद्या तोडणाऱ्या घराला महाग यंत्राची गरज नसते. पण स्वस्त यंत्राबरोबर एक गोष्ट मिळत नाही. ती म्हणजे शिकवणारा माणूस. चांगला दुकानदार यंत्र सुरू करून दाखवतो, साखळी ताणायला शिकवतो, सुटे भाग देतो. खोक्यातून घरी आलेल्या यंत्राबरोबर फक्त एक पुस्तिका असते. बहुधा ती इंग्रजीत असते आणि तिचे अक्षरही बारीक असते. घरातली मोठी माणसे ती बाजूला ठेवतात आणि दोरी ओढतात.

मुलांनो, येथेच तुमचे काम सुरू होते. ही करवत मुलांनी चालवण्याची वस्तू नाही. तिला हातही लावू नका. पण घरात वाचणारे तुम्ही आहात. पुस्तिका उघडा, शब्दकोश घ्या आणि अब्बांना किंवा चाचांना ती वाचून दाखवा. पुढील गोष्टी तिच्यात हमखास सापडतील.

पहिली गोष्ट तेलाची. या करवतीचे इंजिन दोन धावांचे असते. त्यात वंगणाची वेगळी टाकी नसते. म्हणून पेट्रोलमध्येच ठरावीक तेल मिसळावे लागते. काही यंत्रांना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते, तर काहींना पंचवीस भागांना एक. पहिल्या प्रमाणात एक लीटर पेट्रोलला २० मिलिलीटर तेल होते आणि दुसऱ्या प्रमाणात ४० मिलिलीटर. गणिताच्या वहीतला हा हिशेब येथे इंजिन वाचवतो. नुसते पेट्रोल घातले तर इंजिन आतून घासून निकामी होते. साखळीसाठी मात्र दुसरी टाकी असते. तिच्यात साखळीचे तेल घालतात. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी ही टाकीही भरावी. तेल येते की नाही हे पाहायचे असेल, तर मोठ्या माणसाने चालू करवतीचे टोक कागदासमोर, त्याला न टेकवता धरावे. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

दुसरी गोष्ट साखळीची. नवी साखळी कामात सैल पडते. म्हणून ती वारंवार तपासून ताणावी लागते. हे काम इंजिन बंद असताना आणि हातमोजे घालूनच करावे. साखळीला धार आहे का, हे भुशावरून ओळखता येते. धारदार साखळी लाकडाचे जाडसर तुकडे फेकते. बोथट साखळी पिठासारखा भुसा काढते. पीठ दिसू लागले, की जोर लावू नये. यंत्र थांबवावे आणि गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखीच धार द्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे करवतीची उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर तेथे साखळी अडकते. सगळा जोर उलटा फिरतो आणि करवत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. हे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर साखळीचा ब्रेक असतो. विकत घेताना हा ब्रेक आहे का आणि तो साखळी चटकन थांबवतो का, हे आधी पाहावे. खूप लोक लांब पट्टी आणि मोठा आकडा पाहून करवत निवडतात. घरच्या फांद्यांसाठी १२ ते १६ इंचांची पट्टी पुरते. लांब पट्टीचे टोक नजरेआड राहते आणि नको तेथे टेकते.

करवत दोन्ही हातांनी घट्ट धरावी. ती खांद्याच्या वर उचलू नये. शिडीवर किंवा झाडावर चढून ती चालवू नये. सुरू करताना ती जमिनीवर ठेवावी, ब्रेक लावावा आणि मगच दोरी ओढावी. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये. विजेच्या तारेजवळची फांदी असेल, तर करवत बाजूला ठेवून वीज कंपनीला कळवावे.

आपल्याकडच्या पोशाखाबद्दलही सांगितले पाहिजे. उन्हापासून बचाव म्हणून माणसे डोक्याला दुपट्टा बांधतात. त्याचे टोक मोकळे लोंबते. ते टोक फिरत्या साखळीत गेले, तर मोठा घात होतो. पायांत चप्पल असणे हेही तितकेच वाईट. पक्के बूट, चष्मा, कानांवर झाकण आणि पायांना जाड संरक्षक आवरण हवे. या आवरणात लांब धागे भरलेले असतात. साखळी त्याला लागली, की ते धागे बाहेर ओढले जातात, साखळीत गुंततात आणि ती जागीच थांबते. या सर्व वस्तूंची किंमत कधीकधी स्वस्त करवतीइतकीच भरते. हिशेब मांडताना ती रक्कम आधी लिहावी.

धुऱ्यावरच्या बाभळीची आणखी एक अडचण असते. कुंपणाची काटेरी तार वर्षानुवर्षे तिच्या खोडाला बांधलेली असते. झाड वाढते तशी तार सालीच्या आत जाते. बाहेरून ती दिसत नाही, पण साखळीचे दात तिच्यावर आदळून तुटतात. म्हणून कापण्याआधी खोड चारी बाजूंनी पाहावे. ही तार कोठे बांधली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. त्यांना विचारावे.

वादळात वाकून दबलेली फांदीही फसवी असते. तिची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी दबलेली. ताणलेली बाजू एकदम कापली, तर फांदी धनुष्यासारखी सुटते. आधी दबलेल्या बाजूला थोडा छेद द्यावा आणि नंतर ताणलेली बाजू सावकाश कापावी. अशी फांदी फार जाड असेल, तर जाणत्या माणसाला बोलवावे. त्याची मजुरी दवाखान्याच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असते.

आणि आता शेवटची गोष्ट. ती कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नसते. कुऱ्हाड हाती असताना माणूस दमत असे. दमला की थांबे, झाडाकडे पाही आणि कधी विचारही बदले. साखळी-करवत असा वेळ देत नाही. आजोबांनी लावलेली चिंच तिच्यापुढे काही मिनिटांत आडवी होते. म्हणून विचार करवत सुरू करण्याआधी करायला हवा. महाराष्ट्रात झाडे तोडण्यासंबंधीचा कायदा १९६४ सालचा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी त्यात नोंदलेली झाडे स्वतःच्या जमिनीत असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांविषयीही आधी चौकशी केलेली बरी. मोडलेली फांदी काढणे वेगळे आणि उभे झाड पाडणे वेगळे.

तेव्हा घरात अशी करवत येणार असेल, तर तिची किंमत विचारून थांबू नका. ती कोण चालवणार, त्याला कोण शिकवणार आणि ती कशासाठी हवी, हेही विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर स्वस्त करवतही घराला वर्षानुवर्षे साथ देईल.

शब्दार्थ

धुरा – शेताची हद्द, बांध
आवार – घराभोवतीची मोकळी जागा
ओंडका – झाडाच्या खोडाचा तोडलेला मोठा तुकडा
वंगण – यंत्राचे भाग घासू नयेत म्हणून घालायचे तेल
बोथट – धार नसलेले
कानस – धातू घासण्याचे किंवा धार लावण्याचे हत्यार
घात – नाश, मोठे नुकसान

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोसेफ कॉक्सला साखळीच्या दातांची कल्पना कशावरून सुचली?
(आ) साखळी बोथट झाली हे कशावरून ओळखावे?
(इ) स्वस्त यंत्राबरोबर कोणती गोष्ट मिळत नाही?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते.
(आ) घरच्या कामासाठी लांब पट्टीची करवत घेऊ नये.
(इ) धुऱ्यावरची बाभूळ कापण्याआधी म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

प्रश्न ३. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल या प्रमाणात दोन लीटर पेट्रोलसाठी किती तेल लागेल?

प्रश्न ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळ्याचे पाते लवण्याआधी, निगा राखणे, साथ देणे.

प्रश्न ५. तुमच्या मते कुऱ्हाड चांगली की साखळी-करवत? पाच-सहा वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचा. तिच्यातील सुरक्षेच्या पाच सूचना सोप्या मराठीत लिहा आणि घरातील सर्वांना वाचून दाखवा.