नलिकेतील पंख्यावर उडणारे छोटे जेट : बांधणी, उड्डाण आणि दक्षता

विमानाचा आवाज कानी येताच वर्गातील सारी मुले खिडकीकडे धावतात, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. या कुतूहलाला हातांच्या कामाची जोड मिळाली, तर तेच कुतूहल विज्ञानाचा पाठ होऊ शकते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती तयार करणे व उडविणे हा शिक्षणक्रमाचा एक भाग आहे. रेडिओ लहरींनी नियंत्रित होणारे व नलिकेत बसविलेल्या विजेच्या पंख्यावर चालणारे छोटे जेट ही या छंदातील पुढची पायरी होय. त्यामागील तत्त्वे आणि घ्यावयाची दक्षता यांचा परिचय येथे करून देण्याचा विचार आहे.

तत्त्व काय आहे ?

खऱ्या जेट विमानात इंधन जाळून तप्त वायूंचा झोत मागे फेकला जातो. जर्मनीतील हाइंकेल १७८ हे अशा एंजिनावर चालणारे पहिले विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, २७ ऑगस्ट १९४० रोजी, इटलीत काप्रोनी-कांपिनी विमानाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या धडात दडविलेला हवा दाबणारा पंखा साध्या पिस्टन एंजिनाने फिरत असे. आपले छोटे जेट या दुसऱ्या विमानाचे दूरचे नातलग म्हणावे लागेल. यात ज्वलन नाही. विजेच्या मोटरीवर फिरणारा पंखा समोरून हवा ओढतो व अधिक वेगाने मागे सोडतो.

६४ मिलिमीटर व्यासाचा पंखा घेऊ. मधला तुंबा वजा जाता हवेला मिळणारे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस सेंटिमीटर उरते. त्यातून हवा सेकंदाला ५० मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर दर सेकंदास सुमारे १५० ग्रॅम हवा मागे फेकली जाते. ०.१५ किलोग्रॅमला ५० ने गुणले की ७.५ न्यूटन रेटा मिळतो. म्हणजे सुमारे ७६५ ग्रॅम वजनाइतका. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते या एका गुणाकाराने साधते.

या रेट्याची किंमतही विद्यार्थ्यांना कळली पाहिजे. वरील झोतास सुमारे १८८ वॅट शक्ती लागते. तेवढाच रेटा २० सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या पंख्याने मिळवावयाचा, तर तात्त्विक हिशेबाने सुमारे ७५ वॅट पुरतात. पुष्कळ हवा सावकाश ढकलणे हे थोडी हवा जोराने ढकलण्यापेक्षा स्वस्त पडते. जेटचे देखणे रूप व वेग यांसाठी बॅटरीला अडीचपट भार सोसावा लागतो.

बांधणीचे टप्पे

पंखांचा विस्तार ७५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर आणि सर्व साहित्यासह वजन सुमारे ६५० ग्रॅम, असा नमुना शिकण्यास सोयीचा ठरतो. धड व पंख थर्माकोलसारख्या फेसाळ पत्र्याचे करता येतात. मात्र अनेक द्रावणयुक्त गोंद हा पत्रा विरघळवून टाकतात. म्हणून गोंद आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावा.

पंखा मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे घेतो. या गतीला पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर असतो. त्यामुळे पंख्याचा तोल बिनचूक हवा. पाते व कवच यांतील फट शक्य तितकी कमी, पण कोठेही न घासणारी असावी. हवा आत घेणाऱ्या तोंडाची कड गोलाईदार ठेवावी. धारदार कडेवर प्रवाह फाटतो व रेटा घटतो. मागची नळी निमुळती होत जाऊन तिचे तोंड पंख्याच्या उपयुक्त क्षेत्रफळाच्या ८५ ते ९० टक्के राहील असे करावे.

तीन घटांची, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण गतीला सुमारे ३५ अँपिअर प्रवाह देते. या हिशेबाने ती पावणेचार मिनिटांत रिकामी होईल. परंतु ती कधीही पूर्ण रिकामी करू नये. गती कमीजास्त ठेवून तीन-साडेतीन मिनिटांत विमान उतरविणे हेच शहाणपणाचे.

गुरुत्वमध्याचा धडा

एका माध्यमिक शाळेच्या मैदानावरील प्रसंग प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. विद्यार्थ्यांनी तीन महिने खपून जेट तयार केले होते. ग्रामस्थ कौतुकाने जमले होते आणि पुढच्या रांगेतील लहान मुले हळूहळू दोरीच्या आत सरकली होती. विमान हातून सुटले, त्याचे नाक वर गेले, क्षणभर ते हवेत थबकले आणि त्या मुलांपासून चार पावलांवर येऊन आदळले. कोणास इजा झाली नाही, हा केवळ योगायोग होता. शोध घेता कळले की, झाकण नीट बसावे म्हणून आदल्या रात्री बॅटरी तीन सेंटिमीटर मागे सरकविण्यात आली होती.

सरळ पंखाच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर असावा लागतो. आपल्या नमुन्यात हे अंतर ४ ते ४.८ सेंटिमीटर येते. तो मागे गेला की विमान अस्थिर होते. दोन बोटांवर पंख तोलून ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. त्या शाळेतील शिक्षकांनी कोणासही दोष दिला नाही. काय चुकले ते मुलांकडूनच वहीत लिहून घेतले. दुसरे विमान तयार झाले, तेव्हा मैदानावर जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ते स्वतःच्या बोटांवर तोलून पाहिले आणि प्रेक्षकांची दोरी वैमानिकाच्या मागे बांधली गेली. ते विमान उडाले, आणि उतरलेही.

उड्डाण

या नमुन्यास हवेत टिकण्यासाठी ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेग आवश्यक आहे. धावत येऊन फेकणाऱ्यास तो जेमतेम साधतो. म्हणून लांब रबरी दोराने ओढ देऊन विमान सोडणे अधिक भरवशाचे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाकावरील पंख्याचा झोत शेपटीवरून वाहतो, तसा येथे वाहत नाही. त्यामुळे वेग येईपर्यंत सुकाणूंचा प्रभाव क्षीण असतो. पंख्यासही पूर्ण गती घेण्यास क्षणभर लागतो. म्हणून उड्डाण वाऱ्याच्या दिशेस तोंड करून करावे, पहिली वळणे रुंद घ्यावीत आणि उतरताना थोडी गती राखावी.

दक्षता

प्रथम हातातील प्रक्षेपक सुरू करावा, मग विमानातील बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलट ठेवावा. बॅटरी जोडल्यानंतर बोटे हवेच्या तोंडापासून दूर ठेवावीत. संदेश तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी योजना जमिनीवरच तपासून घ्यावी. बॅटरी घटांचा समतोल राखणाऱ्या योग्य चार्जरनेच, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, देखरेखीखाली भारित करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जवळ वाळूची बादली असावी.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र शासनाने जारी केलेल्या ड्रोन नियमांत शिक्षण वा मनोरंजनासाठी, दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या शासकीय मंचावरील नकाशात आपली जागा कोणत्या क्षेत्रात मोडते ते पाहावे, नोंदणीविषयक चालू अटी तपासाव्यात व स्थानिक पोलीस ठाण्यास कल्पना द्यावी.

येथे पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. वस्ती, रस्ता व वीजवाहिन्या यांपासून दूर असलेले मोकळे माळरान महिन्यातून एखाद्या सकाळी शाळेस उपलब्ध करून देणे आणि प्रेक्षकांना सुरक्षित अंतरावर राखणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. साडेतीन मिनिटांच्या त्या उड्डाणासाठी मुले मोजमाप करतात, तोल पाहतात आणि चुकीची नोंद ठेवतात. यांतील प्रत्येक मूल वैमानिक होणार नाही. परंतु कामाला हात घालण्यापूर्वी तोल पाहण्याची सवय त्याच्या अंगी बाणली, तर ती पुढे कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.