क्यूजीआयएस बसवा, बागेचं खरं क्षेत्र काढा



ठिबकच्या नळ्या, फवारणीचं औषध, रोपांची संख्या हे सगळं प्रत्यक्ष लागवडीच्या क्षेत्रावर ठरतं. विहीर, शेततळं, शेड, रस्ता यांत किती जागा गेली हे सातबाऱ्यावरून नेमकं कळतंच असं नाही. हिशोब ४० गुंठ्यांचा धरला आणि बाग ३४ गुंठेच निघाली, तर ६ गुंठ्यांचं औषध फुकट जातं.

हे क्षेत्र काढायला क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, फी नाही. घरातल्या मुला-मुलींना सोबत घ्या.

*आधी हे बघा*
▪️ डाउनलोड फक्त क्यूजीआयएस डॉट ऑर्ग या मूळ साइटवरूनच करा.
▪️ 'लाँग टर्म' आवृत्ती निवडा. गटात सगळ्यांनी तीच घ्या. नव्या आवृत्तीत केलेली फाईल जुन्यात उघडताना अडचण येऊ शकते.

*विंडोज*
सेटिंग्ज > सिस्टिम > अबाउट इथे '६४-बिट' आहे का बघा. ३२-बिटवर नवी आवृत्ती चालत नाही. फाईल १ जीबीच्या पुढे आहे, म्हणून वायफायवर उतरवा. डबल क्लिक करून 'नेक्स्ट' दाबत जा.

*उबुंटू*
टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी इन्स्टॉल क्यूजीआयएस' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. इथे आवृत्ती थोडी जुनी मिळू शकते. गटाशी जुळत नसेल तर मूळ साइटवरच्या लिनक्सच्या सूचना पाळा.

*मॅक*
फाईल उघडून चिन्ह ॲप्लिकेशन्समध्ये ओढा. पहिल्यांदा उघडताना अडवलं तर सिस्टिम सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन 'ओपन एनीवे' दाबा.

*मोबाईल*
क्यूजीआयएस संगणकासाठी आहे. शेतात फिरून हद्द टिपायला प्ले स्टोअरवरून 'क्यूफील्ड' घ्या. तेही मोफत आहे. संगणकावर तयार केलेली नकाशाची फाईल त्यात उघडते.

*क्षेत्र कसं वाचायचं?*
क्यूजीआयएसमध्ये 'आय' चिन्ह दाबून प्लॉटवर क्लिक करा. 'डिराइव्ड'खाली 'इलिप्सॉइडल' क्षेत्र दिसेल, तेच घ्या. आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर १०१ ने भागा, गुंठे मिळतील. ४० गुंठे म्हणजे १ एकर, साधारण ४,०४७ चौ. मी.

⚠️ *लक्षात ठेवा*
मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडं-तिकडं दाखवतं. १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा जेमतेम ३२ मीटर लांब-रुंद असतो, तिथं एवढी चूकही मोठी ठरते. लहान प्लॉट टेपनं मोजून ताडून बघा. आणि बांधाचा वाद किंवा खरेदीखत असेल तर हा नकाशा चालत नाही, भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

पुढची फवारणी ठरवण्याआधी निदान एका प्लॉटचं क्षेत्र काढून बघा. अडलं तर स्क्रीनचा फोटो काढून आपल्या गटप्रमुखांना पाठवा.