सोळा बिंदूंची गोष्ट

भोपाळहून रेल्वेने सागरला जावयाचे तर विदिशा व बीना ही स्थानके वाटेत लागतात. हा मार्ग समजावून देताना आपण रुळांची वळणे काढीत बसत नाही. स्थानकांसाठी बिंदू मांडतो व ते रेषांनी जोडतो. कोण कोणास जोडलेला आहे एवढेच दाखविणाऱ्या अशा आकृतीस गणितात ‘आलेख’ म्हणतात. चौकटींच्या कागदावर काढतो, तो आलेख निराळा. १७३६ साली ऑयलरने एका नगरातील सात पुलांचे कोडे सोडविले, तेथे या शास्त्राचा उगम झाला. आज जवळचा मार्ग शोधणे, दूरध्वनीचे जाळे विणणे, रेणूंची रचना अभ्यासणे, या साऱ्यांत ते उपयोगी पडते.

याच सागर येथे १९१७ साली गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म झाला. त्यांचे एक संशोधन पाहू.

कवायतीसाठी सोळा मुले चार-चारांच्या चार रांगांत उभी आहेत. प्रत्येकाने आपल्या आडव्या व उभ्या रांगेतील सर्वांशी मैत्री केली. म्हणजे प्रत्येकास सहा मित्र झाले, आणि कोणतीही दोन मुले घेतली तरी त्यांचे सामाईक मित्र नेमके दोनच! अशा चौरसात रांगा कितीही असोत, त्यातील संख्यांवरून मैत्रीची रचना ठरते काय? १९५९ साली श्रीखंडे यांनी सिद्ध केले की ठरते; अपवाद फक्त चार रांगांचा. तेथे त्याच संख्या पाळणारी आणखी एक रचना निघते. तीच ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून जगभर ओळखली जाते.

मग भेद कोणता? पहिल्या रचनेत कोणाही मुलाचे सहा मित्र तिघातिघांच्या दोन अलग टोळ्या करतात. दुसरीत तेच सहा जण हातात हात धरून एक कडे करतात. दोहोंत प्रत्येक मित्राचे त्या सहांतील स्नेही दोनच. तरी टोळी ती टोळी आणि कडे ते कडे.

केवळ आकडे जुळले म्हणून दोन गोष्टी एकच मानू नयेत, जोडणी तपासावी, हाच या सोळा बिंदूंचा धडा. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, श्रीखंडे निवर्तले. त्यांचा आलेख मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणाचीही वाट पाहत आहे.