आधी स्पर्श, मग शुद्धी

शास्त्रपाठ : मार्क १:४०-४५

भिलाईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बिलासपूरच्या पुढे चांपा लागते. तेथे मेनोनाइट मिशनरी पी. ए. पेनर यांनी १९०२ साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. वाचकहो, या रोगावर खात्रीचे औषध १९४०च्या दशकापर्यंत नव्हते. बरे करण्याचे सामर्थ्य हाती नसताना ही सेवा चालू राहिली.

४१व्या वचनातील ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी ‘आतडी’ हा शब्द आहे. भाषांतरकाराला येथे मराठी उपकारक ठरते. आपलेही आतडे तुटते, कळवळा येतो. (काही थोड्या प्राचीन प्रतींत ‘रागावून’ असा पाठ आहे. तो मी स्वीकारत नाही. तथापि मनुष्याच्या दुःखाचा प्रभूला राग यावा, यात मला नवल वाटत नाही.)

क्रम ध्यानात घ्यावा. लेवीय १३:४६ प्रमाणे असा मनुष्य छावणीबाहेर एकटा राही. प्रभू प्रथम त्याला हात लावतो. शुद्धी नंतर येते. रोगाआधी एकाकीपण गेले.

चांपा येथील पुष्कळ जण शुद्ध न होताच मेले असतील. असे का, याचे उत्तर मार्क देत नाही आणि मलाही देता येत नाही. मात्र ४५वे वचन पाहावे : बरा झालेला मनुष्य लोकांत मिसळतो आणि प्रभू गावाबाहेर, अरण्यात राहतो.