लिंबाचे झाड : तहान, ऊन आणि सावली

मुंबई-नाशिक लोहमार्गावरील आटगाव हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील गाव. पावसाळ्यात या भागात मुसळधार पाऊस पडतो. १८९२ पासून मुंबईला पाणी पुरविणारा तानसा तलावही याच तालुक्यात आहे. तथापि एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातील अनेक पाड्यांना पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत परसातील लिंबाची पाने दुपारी मलूल होऊन आत वळतात. झाड तहानलेले आहे हे सर्वांना दिसते. ते उपाशीही असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कर्बवायू यांपासून तेथे साखर तयार होते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कर्बवायू आत येतो तो पानाच्या खालच्या बाजूस असलेल्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून. आणि पाण्याची वाफ बाहेर पडते तीही त्याच वाटेने. जमिनीतील ओल घटली, की झाड ही दारे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते. पण कर्बवायू बाहेरच अडतो आणि अन्ननिर्मिती मंदावते. उलट, वापरात न आलेला प्रखर प्रकाश व वाढती उष्णता यांमुळे पान करपते.

अशा वेळी सावली कितपत उपयोगी पडते? लिंबू, संत्रा, मोसंबी यांच्या पानास भर उन्हाचा साधारण एक तृतीयांश प्रकाश पुरेसा होतो. म्हणून विरळ सावलीत पान थंड राहते व त्याचे काम अधिक वेळ चालते. दाट आंब्याखाली मात्र प्रकाश अपुरा पडतो, फळधारणा घटते आणि आंब्याची मुळे ओलही ओढून घेतात.

विदर्भात आंबिया बहारासाठी संत्र्याला मुद्दाम पाण्याचा ताण देतात. तो ठराविक मुदतीचा असतो आणि पुढे पाणी देण्याची तरतूद असते. अवर्षणाला अशी मुदत नसते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या, त्या यामुळेच.

तात्पर्य, सावली ही पाण्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. रोपांवर उन्हाळ्यात गवताचा विरळ मांडव घालावा. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून मोठ्या झाडांना दुहेरी आळे करावे व आळ्यात भाताचा पेंढा पसरावा. थोडे पाणी संध्याकाळी द्यावे. पावसाळ्यातील पाणी शिवारातच मुरविण्याचे काम ग्रामपंचायतींनी हाती घेतल्यास परसातील लिंबालाही मे महिन्यात त्याचा आधार मिळेल.