सत्राअखेरचा हिशेब : परदेशी विद्यार्थी आणि त्याचे बँक खाते

नोव्हेंबर सरत आला, की दिल्लीची हवा धुरकट होते, सकाळी धुके उतरू लागते आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसरात पावसाळी सत्राच्या समाप्तीची चाहूल लागते. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातील वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. गोदावरी, कोयना, ताप्ती ही नावे वाचून मराठी पाहुण्याला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. चंद्रभागा मात्र पंढरपूरची की हिमालयातील, हा वाद ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार मिटवावा. या वसतिगृहांत देशोदेशीचे विद्यार्थी राहतात. काही जण पूर्ण पदवीसाठी येतात, तर काही केवळ एक-दोन सत्रांपुरते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो यांपैकी दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी, आणि त्याच्या मुक्कामाचा शेवटचा महिना.

या महिन्यात त्याच्यापुढे एकाच वेळी अनेक कामे उभी राहतात. निबंध सादर करायचे असतात, बेर सरायच्या दुकानांतून टिपणांच्या छायाप्रती आणायच्या असतात, परीक्षा द्यायची असते. ऑगस्टच्या उकाड्यात घेतलेला पंखा आता निरुपयोगी असतो आणि थंडी पडल्यावर घेतलेली रजई विमानाच्या सामानात मावत नाही. मग पंखा, बादली, विजेची किटली, सायकल यांची विक्री सुरू होते. गंगा ढाब्यावरचा चहा अधिकाधिक लांबतो. निरोपाच्या या धांदलीत बँक खात्याची आठवण बहुधा विमानाच्या तिकिटाच्या आदल्या आठवड्यात होते, आणि अडचण नेमकी तेथे उद्भवते.

हे खाते उघडताना काय घडले होते, ते प्रथम पाहू. परदेशी विद्यार्थ्याचे खाते अनिवासी सामान्य खाते या प्रकारात मोडते. व्हिसासह पारपत्र आणि शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र यांच्या आधारे ते उघडता येते. नुकत्याच उतरलेल्या परक्या मुलाकडे स्थानिक पत्त्याचा पुरावा कोठून असणार, हे ध्यानात घेऊन भारतीय रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३० दिवसांची सवलत ठेवली आहे. या काळात परदेशातून १,००० डॉलरपर्यंत रक्कम खात्यात येऊ शकते आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंत काढता येते. पुढे भाडेकरार किंवा वसतिगृहात राहत असल्याचे संस्थेचे पत्र दिले, की ही बंधने उठतात. भाडेकराराच्या पडताळणीसाठी घरमालकाने शाखेत यावे असा आग्रह बँकेने धरू नये, हेही त्या सूचनांतच नमूद आहे. ही ओळ शाखेतील प्रत्येक सहकाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाकिस्तानी विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते.

आता परतीचा प्रश्न. भारतभेटीवर आलेल्या, भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी नागरिकाच्या अनिवासी सामान्य खात्यासंबंधी एक सोयीची तरतूद आहे. देश सोडताना खात्यातील शिल्लक बँक त्याला देऊ शकते. परंतु त्यासाठी दोन अटी आहेत. खाते सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेले नसावे, आणि त्यात व्याजाखेरीज कोणतीही स्थानिक रक्कम जमा झालेली नसावी. एका सत्राचा मुक्काम बहुधा पहिल्या अटीत बसतो. १ ऑगस्टला उघडलेले खाते डिसेंबरमध्ये बंद केले, तर काहीच प्रश्न नाही. परंतु परीक्षा आटोपल्यावर राजस्थान पाहून, गोव्याला जाऊन, फेब्रुवारीत परतणारा विद्यार्थी व्हिसाची मुदत आठवणीने पाहतो आणि खात्याची मुदत विसरतो.

दुसरी अट अधिक फसवी आहे. सायकल विकली आणि घेणाऱ्या मित्राने पैसे थेट खात्यात पाठवले. सहलीचा खर्च वाटून घेतला आणि खोलीतील सोबत्याने आपला हिस्सा तेथेच भरला. वसतिगृहाने खाणावळीची अनामत खात्यात परत केली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे त्याचेच पैसे. खात्याच्या दृष्टीने मात्र ती स्थानिक जमा ठरते, आणि सहा महिन्यांच्या आत येऊनही सोपा मार्ग बंद होतो. मग प्रत्येक नोंद कशाची, हे कागदपत्रांनिशी दाखवावे लागते, आणि शाखेलाही ते प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे लागते. रक्कम पाच-सात हजारांचीच असेल. परंतु घरून मोजके पैसे घेऊन आलेल्या मुलाला तीच विमानतळापर्यंतच्या टॅक्सीला आणि वाटेतल्या जेवणाला लागायची असते. तेव्हा मित्रांचे देणेघेणे रोखीने मिटवलेले बरे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती घेणाऱ्यांच्या खात्यात दरमहा रुपयांतच रक्कम येते, त्यामुळे त्यांना ही तरतूद मुळातच लागू पडत नाही. ते बहुधा दीर्घ अभ्यासक्रमांचे विद्यार्थी असतात.

व्याजाविषयी एक खुलासा. या खात्यातील व्याजावर ३० टक्के दराने, अधिक उपकर, करकपात होते. चार महिन्यांच्या बचतीवरील व्याज ते किती! तरीही उताऱ्यात ती वजावट पाहून विद्यार्थी चमकतो. खाते उघडतानाच दोन वाक्यांत हे सांगितले, तर शेवटच्या दिवशी खिडकीवर वाद होत नाही.

रोख रकमेचे नियमही वेगळे आहेत. विमानतळावरून देश सोडणाऱ्या परदेशी पाहुण्याला २५,००० रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा सोबत नेता येतात. पाकिस्तान व बांगलादेशाच्या नागरिकांना ही मुभा नाही. मायदेशी रुपये कोण घेणार, म्हणून उरलेले रुपये येथेच परकीय चलनात बदलणे श्रेयस्कर. त्यासाठी प्रथम डॉलर किंवा युरो मोडल्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र ऑगस्टमध्येच कोठल्यातरी पुस्तकात खुणेला घातलेले असते.

शाखेच्या बाजूने पाहता, सत्रसमाप्तीच्या महिनाभर आधी अशा खातेदारांची यादी काढून प्रत्येकाला परतीची तारीख विचारणे फार कष्टाचे नाही. खाते बंद करण्याच्या अर्जासोबत तिकिटाची प्रत, उरलेले धनादेश आणि एटीएम कार्ड हे सारे एकाच भेटीत स्वीकारता येते. कार्ड विद्यार्थ्यासमोर कापावे, अंतिम उतारा शिक्क्यासह द्यावा. रद्द केलेले पासबुक मात्र पुष्कळ जण मागून घेतात. त्यात पहिली नोंद ऑगस्टमधील, घरून आलेल्या रकमेची असते, आणि तिच्याखाली दिल्लीतील चार महिने ओळीने छापलेले असतात.